मिश्र दुहेरीचे दफ्तर

आमच्या पेठ गावी टेनिसचा चेंडू दुकानात सहज विकत मिळतो, टेनिसचा खेळ मात्र पाहावयास मिळत नाही. पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्याने राजगुरुनगर मागे टाकून आलेल्या आणि पुढे अवसरीचा घाट ओलांडून मंचर गाठू पाहणाऱ्या प्रवाशाला आमच्या शिवारात चार तरुणांच्या हाती तो लवदार पिवळा चेंडू दिसला, तर ती मंडळी क्रिकेट खेळत आहेत असे त्याने खुशाल समजावे. कारण सुगी उरकून राने मोकळी झाली की आंबेगाव आणि जुन्नर या दोन्ही तालुक्यांत चषकांचे जे सामने भरतात ते याच चेंडूवर भरतात, आणि त्या चेंडूचे मूळ घराणे कोणते याची चौकशी करण्याची गरज आजवर कोणास भासलेली नाही. इकडच्या माणसाचा खरा षौक बैलगाड्याचा. यात्रेच्या दिवसांत कोणाच्या गाड्याची बारी किती सेकंदांत झाली यावर पारावर जी चर्चा चालते, तिच्या निम्म्याने जरी चर्चा विम्बल्डनवर झाली असती, तरी हा लेख लिहिण्याचे प्रयोजन उरले नसते.

अशा मुलखात बसून टेनिसमधील मिश्र स्पर्धांत भारताने काय कमावले आणि काय गमावले याचा हिशेब मांडावयास घेणे काहींना विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु ३० सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोउ येथे, महामारीमुळे एक वर्ष लांबणीवर पडलेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत, पुण्याची ऋतुजा भोसले आणि कोडगूचा रोहन बोपण्णा या जोडीने तैवानच्या लियांग एन-शुओ आणि हुआंग त्सुंग-हाओ यांचा २–६, ६–३, १०–४ असा पराभव करून मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले, आणि त्या दिवसापासून या हिशेबात आमच्या जिल्ह्याचेही एक खाते पडले आहे. बोपण्णा त्या वेळी ४३ वर्षांचा होता, ऋतुजा २७ वर्षांची. त्याच्या मागे दोन ऑलिंपिके आणि डेव्हिस चषकाची वीस-एकवीस वर्षांची चाकरी होती. तिच्या मागे छोट्या बक्षिसांच्या स्पर्धांचा तो कष्टाचा फेरा होता, ज्यात खेळाडू स्वतःच आपला कारभारी, स्वतःच आपला हमाल आणि पुष्कळदा स्वतःच आपला सावकार असतो.

या दफ्तराचे स्वरूप वाचकाने आधी ध्यानी घेतले पाहिजे, कारण त्यात दोन निराळ्या वह्या आहेत आणि त्यांतील शिल्लक परस्परांशी जुळत नाही. एका वहीत हॉपमन चषकासारख्या स्पर्धा येतात: देशाने एक पुरुष व एक स्त्री पाठवावी, स्त्रीने स्त्रीशी एकेरी खेळावे, पुरुषाने पुरुषाशी एकेरी खेळावे, आणि मग दोघांनी मिळून मिश्र दुहेरीचा तिसरा सामना खेळावा, तिहींपैकी दोन जिंकील तो देश विजयी. दुसऱ्या वहीत आशियाई आणि ऑलिंपिक स्पर्धा येतात, जेथे दुहेरीचा तो एकच सामना असतो आणि त्यावरच निकाल लागतो. पहिल्या वहीत भारताची पाने जवळजवळ कोरी आहेत. दुसरीत सुवर्ण, रौप्य, कांस्य यांच्या नोंदी एकीखाली एक लागलेल्या आहेत. हा फरक का पडला, हे ज्याला उमगेल त्याला भारतीय टेनिसचा अर्धा इतिहास उमगला असे म्हणावयास हरकत नाही.

प्रारंभ पुण्यापासूनच करावा. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने १९१९ च्या सुमारास ज्या मैदानी स्पर्धा भरविल्या, त्यांतील धावपटू पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनात हिंदुस्थानातून ऑलिंपिकसाठी संघ रवाना करण्याची कल्पना दृढ झाली, आणि १९२० साली अँटवर्प येथे तो संघ खरोखरच गेला. चार वर्षांनी पॅरिस येथे जे ऑलिंपिक भरले त्यात हिंदुस्थानचे टेनिसपटूही होते; सनदी नोकरीतील सिडनी जेकब यांनी एकेरीत उपउपान्त्य फेरी गाठली आणि फ्रान्सच्या जाँ बोरोत्रा यांच्यापुढे ते थांबले. याच पॅरिसच्या मिश्र दुहेरीच्या यादीत महंमद सलीम यांच्या जोडीला मेहरबाई टाटा यांचे नाव आढळते. मेहरबाई या दोराबजींच्या पत्नी. साडी नेसून टेनिस खेळणाऱ्या, त्या काळच्या वर्तमानपत्रांना कौतुकाचा आणि सनातन्यांना चिंतेचा विषय झालेल्या. मिश्र टेनिसमध्ये हिंदुस्थानच्या नावापुढे स्त्रीचे नाव लागले ते असे, संस्थेच्या पदाधिकाऱ्याच्या घरातून. आणि पुढे कितीएक वर्षे हा खेळ सुखवस्तू घरांचे अंगण ओलांडून बाहेर पडलाच नाही. पॅरिसनंतर ऑलिंपिकने टेनिसलाच दरवाजा बंद केला. तो १९८८ मध्ये उघडला, आणि मिश्र दुहेरीसाठी तर २०१२ उजाडावे लागले.

सुखवस्तू घर म्हणजे केवळ पैशाचे घर नव्हे, याचा एक दाखला मराठी वाचकाने अवश्य जतन करावा. तुकोबांच्या गाथेची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या पंडितांत ज्यांचे नाव अग्रभागी येते, त्या शंकर पांडुरंग पंडित यांची कन्या क्षमा, म्हणजेच संस्कृतात सत्याग्रहगीता रचणाऱ्या पंडिता क्षमाबाई राव. १८९० मध्ये पुण्यात जन्मलेल्या या विदुषीला अनुष्टुभाचा जितका छंद तितकाच टेनिसचाही होता. त्यांची मुलगी लीला राव हिने १९३४ साली विम्बल्डनच्या एकेरीत ग्लॅडिस साउथवेल या इंग्रज बाईला, पहिला सेट गमावूनही, हरविले. विम्बल्डनवर सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री होय. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामॉफने तिला रोखले. एकाच घरात गाथेचे पाठभेद, संस्कृत महाकाव्य आणि हिरवळीवरील बॅकहँड हे तिन्ही सुखाने नांदत होते, हे आजच्या क्रीडासमीक्षकांना सांगितले तर ते चटकन विश्वास ठेवणार नाहीत. लीलाबाईंनी पुढे नाट्यशास्त्र आणि नृत्य यांचा व्यासंग केला. टेनिसमध्ये मात्र त्यांच्या मागे कोणी उभे राहिले नाही.

हे जे मागे कोणी उभे न राहणे, तेच या संपूर्ण कथेचे वर्म आहे. पुरुषांच्या बाजूला परंपरा होती. १९२१ साली डेव्हिस चषकात पदार्पण करताच हिंदुस्थानने फ्रान्सला हरविले. १९६६, १९७४ आणि १९८७ अशा तीन वेळा भारत त्या चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला, जरी १९७४ मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार देऊन आपण चषकावर पाणी सोडले, आणि ते योग्यच केले. या परंपरेतही दुहेरीचे अंग विशेष बळकट. मला स्वतःला याचे मूळ जिमखान्यांच्या वहिवाटीत दिसते: कोर्टे थोडी, सभासद पुष्कळ, संध्याकाळ आखूड, तेव्हा एका कोर्टावर दोघांऐवजी चौघांनी खेळावे हा व्यवहार झाला, आणि जाळीजवळ उभे राहून चेंडू अधांतरी अडविण्याचे कसब आपोआप अंगवळणी पडत गेले. १९६६ च्या अंतिम सामन्यात मेलबर्नला ऑस्ट्रेलियाने भारताचा ४–१ असा पराभव केला खरा, पण तो जो एक सामना आपण जिंकला तो दुहेरीचा होता. रामनाथन कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी न्यूकोम्ब आणि रोश यांच्यासारख्या दिग्गज जोडीला खाली बसविले. सांगलीत जन्मलेले बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर हे मूळचे टेनिसचे; कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेत याच कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले, आणि त्यांचे चिरंजीव गौरव यांनी १९९४ मध्ये हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसच्या साथीने पुरुष दुहेरीचे सुवर्ण जिंकून घराण्याची ती जुनी उधारी फेडली.

स्त्रियांच्या बाजूला अशी साखळी नाही. एक कडी, मग लांब पोकळी, मग दुसरी कडी. १९७१ साली विम्बल्डनच्या मिश्र दुहेरीत आनंद अमृतराज यांच्या जोडीने उतरलेल्या मुंबईच्या निरुपमा मांकड, १९९८ साली ऑस्ट्रेलियन स्पर्धेत मुख्य फेरीचा सामना जिंकणारी निरुपमा वैद्यनाथन, आणि मग सानिया मिर्झा. १९८६ मध्ये मुंबईत जन्मलेली आणि हैदराबादेत वाढलेली ही मुलगी २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेत पेसबरोबर मिश्र दुहेरीचे कांस्यपदक घेऊन आली, तेव्हा तिला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते.

हॉपमन चषकाची कहाणी येथे सांगितली पाहिजे. ज्या हॅरी हॉपमन यांच्या नावाने तो चषक ओळखला जातो तेच १९६६ मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियन संघाचे कर्णधार होते. शिस्तीचा करडा, तरुणांना व्यायामाने पिळून काढणारा हा गृहस्थ स्वतः खेळाडू म्हणून मोठा ठरला तो मिश्र दुहेरीत. पत्नी नेल हिच्यासह त्याने ऑस्ट्रेलियन अजिंक्यपद चारदा जिंकले होते. १९८५ मध्ये त्याचे निधन झाल्यावर, १९८८ च्या डिसेंबरअखेरीस पर्थ येथे ही स्पर्धा प्रथम भरली, आणि नववर्षाच्या पहिल्या आठवड्यात दोघादोघांचे संघ जमविण्याची तेथे रीत पडली. स्वित्झर्लंडने २००१ मध्ये मार्टिना हिंगिस आणि रॉजर फेडरर यांच्या बळावर, तर २०१८ आणि २०१९ मध्ये बेलिंडा बेन्चिच आणि त्याच फेडररच्या बळावर तो जिंकला. लोकसंख्येने पुणे जिल्ह्याहून लहान असा देश, पण एक स्त्री आणि एक पुरुष, दोघेही एकेरीत अव्वल, एवढे त्याच्यापाशी होते. त्याहून अधिकाची ही स्पर्धा मागणीच करीत नाही.

भारतापाशी काय होते? २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे सानिया मिर्झा आणि रोहन बोपण्णा यांना पर्थला पाठविण्यात आले, आणि दोन्ही वर्षी आपला संघ गटफेरीतच राहिला. पहिल्या वर्षी अंतिम सामना रशिया आणि स्पेन यांच्यात झाला, दुसऱ्या वर्षी अमेरिका आणि सर्बिया यांच्यात. सानियाची बाजू त्या काळी लंगडी नव्हती; २००५ मध्ये अमेरिकन स्पर्धेत ती चौथ्या फेरीपर्यंत गेली होती आणि २००७ च्या ऑगस्टमध्ये जागतिक क्रमवारीत सत्ताविसाव्या स्थानावर पोहोचली. अडचण पुरुष एकेरीची होती. बोपण्णाची सर्व्हिस तोफेसारखी, परंतु पायांची चपळाई दुहेरीच्या अर्ध्या कोर्टाला पुरणारी. समोर एकेरीत मुरलेला युरोपीय उभा राहिला की दोन सामन्यांची बेरीज आपल्याकडे झुकणे दुरापास्त. ज्या देशाने दुहेरीचे एवढे वीर घडविले त्यालाच तिसऱ्या सामन्यापर्यंत निकाल जिवंत ठेवणे जड जावे, यात विरोधाभास दिसतो, पण तो वरवरचा आहे. जिमखान्याची संध्याकाळ दुहेरीपटू घडवू शकते. एकेरीपटू घडविण्यास लहानपणापासून प्रवास, मार्गदर्शक, पैसा आणि वर्षानुवर्षांचे एकाकी खपणे लागते, आणि या चारही गोष्टींची तरतूद आपल्या संस्थांच्या अंदाजपत्रकात कधी धड झाली नाही.

व्यक्तिगत अजिंक्यपदांकडे पाहिले म्हणजे हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसते. महेश भूपतीने १९९७ मध्ये फ्रेंच स्पर्धेत मिश्र दुहेरी जिंकली आणि ग्रँड स्लॅम विजेत्यांत प्रथमच भारतीय नाव आले. पण जोडीला जपानची रिका हिराकी होती. पेसने १९९९ मध्ये विम्बल्डन जिंकले ते अमेरिकेच्या लिसा रेमंडबरोबर, २००३ मध्ये दोन अजिंक्यपदे मिळविली ती मार्टिना नवरातिलोवाबरोबर. बोपण्णाने २०१७ मध्ये पॅरिसला यश मिळविले ते कॅनडाच्या गॅब्रिएला दाब्रोव्स्कीबरोबर. मायदेशीची स्त्री शेजारी उभी करून हे शिखर गाठण्याचा योग भारतीय पुरुषाला आला तो केवळ भूपतीला, आणि केवळ सानियामुळे: २००९ मध्ये मेलबर्नला आणि २०१२ मध्ये पॅरिसला. परदेशातून जोडीदारीण निवडण्याची मुभा असेतो आपले पुरुष जगज्जेते होते; राष्ट्राच्या नावाने खेळावयाचे म्हटले की शोध एका स्त्रीपाशी येऊन थांबे.

दुसऱ्या वहीतील नोंदी आता वाचाव्या. २००६ च्या दोहा स्पर्धेत सानिया आणि पेस यांनी जपानी जोडीला तीन सेटमध्ये हरवून सुवर्ण मिळविले. २०१० मध्ये ग्वांगझोउ येथे पेसही नव्हता, भूपतीही नव्हता. तिने विष्णुवर्धन या तरुणाबरोबर रौप्यपदक आणले. २०१४ मध्ये इंचॉनला साकेत मायनेनीबरोबर तिने तैवानच्या जोडीचा ६–४, ६–३ असा पाडाव करून पुन्हा सुवर्ण जिंकले, आणि त्याच स्पर्धेत बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेला सोबत घेऊन महिला दुहेरीचे कांस्यपदकही मिळविले. पुरुष तीन, स्त्री एकच, आणि पदक प्रत्येक वेळी. जकार्ता येथील २०१८ च्या स्पर्धेत सानिया मातृत्वामुळे नव्हती. बोपण्णा होता, पुरुष दुहेरीचे सुवर्ण त्याने दिविज शरणबरोबर जिंकलेही, परंतु मिश्र दुहेरीचा रकाना रिकामा राहिला. वर्तमानपत्रांचे मथळे इतकी वर्षे पुरुषांच्या नावाने सुरू होत होते. निकालपत्रक काही निराळेच सांगत होते.

या स्त्रीची मर्जी मात्र सर्वांत शेवटी विचारली जात असे, हे २०१२ च्या उन्हाळ्यात चव्हाट्यावर आले. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिने भूपतीबरोबर फ्रेंच अजिंक्यपद जिंकले होते, आणि त्याच महिन्यात लंडन ऑलिंपिकची निवड करताना पुरुषांत जी दंगल उसळली (भूपती आणि बोपण्णा यांनी पेसबरोबर खेळण्यास साफ नकार दिला होता) ती मिटविण्यासाठी संघटनेने पुरुषांच्या दोन जोड्या पाठविण्याचे आणि मिश्र दुहेरीत सानियाची जोडी पेसबरोबर लावण्याचे फर्मान काढले. रुसलेल्या एका पुरुषाला शांत करण्यासाठी आपला आमिषासारखा उपयोग झाला, या आशयाचे तिचे जाहीर निवेदन आजही वाचण्यासारखे आहे. त्यात संताप आहे पण आक्रस्ताळेपणा नाही, आणि राष्ट्रासाठी कोणाहीबरोबर खेळण्याची तयारीही आहे. ती खेळली. पहिल्या फेरीत सर्बियाच्या इव्हानोविच आणि झिमोंजिक यांना या जोडीने हरविले, आणि दुसरीत, म्हणजे उपउपान्त्य फेरीत, अझारेंका आणि मिरनी या बेलारूसच्या जोडीने, जी पुढे सुवर्णपदकाची मानकरी ठरली, त्यांना ७–५, ७–६ असे बाहेर घालविले.

चार वर्षांनी रिओत पदक हाताशी आले होते. सानिया आणि बोपण्णा यांनी उपउपान्त्य फेरीत अँडी मरे आणि हेदर वॉटसन यांना दोन सेटमध्ये नमविले. उपान्त्य सामन्यात व्हीनस विल्यम्स आणि भारतीय वंशाचा अमेरिकन राजीव राम यांच्याविरुद्ध पहिला सेट ६–२ असा घेतला. मग दुसरा २–६ गेला, आणि निर्णायक दहा गुणांच्या टायब्रेकमध्ये आपली बेरीज तीनवर अडकली. कांस्यपदकाच्या सामन्यात चेक जोडीने ६–१, ७–५ अशी बाजी मारली. रिओहून भारतात साक्षी मलिक आणि सिंधू यांची पदके आली आणि त्या आनंदात हा पराभव लवकर विसरला गेला.

२०२३ च्या फेब्रुवारीत सानिया निवृत्त झाली. तिच्या जागी जी आली ती ऋतुजा नामांकित नव्हती. पण पोकळीतून एकाएकी उगवलेलीही नव्हती, आणि माझ्या मते या इतिहासात खरे वळण आहे ते येथे. पुण्यात तोवर एक वातावरण तयार झाले होते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी बालेवाडी-म्हाळुंगे येथे उभे राहिलेले श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुल, जेथे २०१७ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध डेव्हिस चषकाची लढत झाली आणि २०१८ पासून महाराष्ट्र ओपन ही पुरुषांची स्पर्धा भरू लागली. शहरातील जुने जिमखाने. आणि हेमंत बेंद्रे यांच्यासारखे मार्गदर्शक, ज्यांच्याकडे शिकण्यासाठी अंकिता रैना अहमदाबादहून पुण्यास येऊन राहिली आणि २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत एकेरीचे कांस्यपदक मिळवून गेली. ऋतुजा, अंकिता, बार्शीची प्रार्थना: लीला रावांच्या काळी जी एकटी कडी होती तिच्या जागी आता दोन-चार कड्या एकमेकींत गुंतू लागल्या होत्या. ऋतुजा अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळून परतली. २०२० मध्ये दुबईला ज्या भारतीय संघाने महिलांच्या फेड चषकात प्रथमच प्ले-ऑफची पायरी चढली, त्यात ती सानिया आणि अंकिता यांच्यासमवेत होती.

हांगझोउला बोपण्णा आला तो मोठ्या आशेने. अमेरिकन स्पर्धेच्या पुरुष दुहेरीत त्याच महिन्यात त्याने अंतिम फेरी गाठली होती आणि लखनौला डेव्हिस चषकाचा निरोपही घेतला होता. सुवर्ण मिळावयाचे तर युकी भांबरीबरोबर पुरुष दुहेरीत, असा सर्वांचा कयास होता, आणि ती जोडी दुसऱ्याच फेरीत उझबेकिस्तानच्या दोघांकडून हरली. मग उरली मिश्र दुहेरी. उझबेकिस्तान, जपान, कझाकस्तान अशा एकेका जोडीला बाजूस सारीत ऋतुजा आणि रोहन उपान्त्य फेरीत आले, आणि तेथे तैवानच्या चान हाओ-चिंग आणि ह्सू यू-ह्सिउ यांना ६–१, ३–६, १०–४ असे हरवून अंतिम सामन्यात पोहोचले, जेथे तैवानचीच दुसरी जोडी वाट पाहत होती.

मिश्र दुहेरीत डावपेच एकच आणि तो निर्दय: समोरच्या जोडीत जो दुबळा वाटेल त्याच्यावर मारा करावा. पुरुषाची सर्व्हिस स्त्रीच्या अंगावर, पुरुषाचा परतीचा फटका जाळीजवळच्या स्त्रीच्या पायांत. पंचेचाळीस मिनिटे हे सोसूनही जिचा हात थरथरत नाही तिची जोडी टिकते. बैलगाड्यात दोन बैलांतील उणा जो असेल त्याच्याच चालीने बारी निघते, हे आमच्याकडचे पोरही जाणते. पहिला सेट २–६ गेला तेव्हा प्रतिस्पर्ध्यांचा हिशेब बरोबर ठरत होता. दुसऱ्यात ऋतुजाचे परतीचे फटके खोल पडू लागले, बोपण्णाला जाळीजवळ आडवे होऊन चेंडू कापण्यास अवसर मिळाला, आणि ६–३ झाले. मग तो दहा गुणांचा टायब्रेक, ज्यात पहिल्या सर्व्हिसनंतर प्रत्येकाने दोन-दोन सर्व्हिस करावयाच्या, दर सहा गुणांनी बाजू बदलावयाची, आणि दोन गुणांच्या आघाडीने जो प्रथम दहा गाठेल त्याचा सामना. असल्या खेळात एक डळमळीत दुसरी सर्व्हिस सारे वर्ष बुडवू शकते. रिओत जेथे ३–१० झाले होते तेथे या वेळी १०–४ झाले. त्या स्पर्धेत टेनिसमधून भारताला दोनच पदके मिळाली, हे सुवर्ण आणि पुरुष दुहेरीचे रौप्य.

पुढची नोंद थोडक्यात. बोपण्णा २०२४ च्या जानेवारीत पुरुष दुहेरीचे ऑस्ट्रेलियन अजिंक्यपद जिंकून ४३ व्या वर्षी जागतिक क्रमवारीत पहिला झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्याने निवृत्ती जाहीर केली. हॉपमन चषक पर्थहून उठला, २०२३ मध्ये नीस येथे पुन्हा भरला. ऑस्ट्रेलियात त्याची जागा युनायटेड चषकाने घेतली, ज्यात देशांना प्रवेश मिळतो तो मुख्यतः एकेरीच्या क्रमवारीवरून, आणि म्हणून त्याच्या यादीत भारताचे नाव अद्याप लागलेले नाही. इकडे बालेवाडीत २०२५ च्या एप्रिलमध्ये महिलांच्या बिली जीन किंग चषकाच्या, म्हणजे पूर्वीच्या फेड चषकाच्या, आशिया-ओशिआनिया गटाचे सामने झाले. श्रीवल्ली भमिडिपाटीने आपले एकेरीचे सर्व सामने जिंकले, दुहेरीला अंकिताच्या शेजारी बार्शीची प्रार्थना उभी होती, आणि भारत पुन्हा प्ले-ऑफसाठी पात्र ठरला. पुढील आशियाई स्पर्धा २०२६ मध्ये जपानमध्ये आइची-नागोया येथे व्हावयाच्या आहेत. त्यांच्या मिश्र दुहेरीसाठी स्त्रियांची नावे सुचवा म्हटले तर निवड समितीपुढे आज चार तरी पडतील. पेस, भूपती आणि बोपण्णा या तिघांच्या मागे रिकामी झालेली पुरुषाची जागा कोणाच्या हवाली करावी, यावर मात्र तिला अधिक वेळ खर्च करावा लागेल.